तिसरीच्या वर्गाला शिकवतं कोण?

दिवाळी उरकली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळांचा हंगाम सुरू होतो. कर्वेनगर-वारजे पट्ट्यातल्या कुठल्याही सोसायटीत हेच चालत असणार. बस राजाराम पुलावरून वळते का? डबा शाळेत मिळतो की घरून द्यायचा? बोर्ड कुठलं? स्विमिंग पूल आहे म्हणे, पण मुलांना त्यात खरंच उतरवतात का? एका काकांनी तर मुलाला सोडायला गेल्यावर चारचाकी लावायला जागा मिळते का, हेही विचारून घेतलं. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाई काय शिकल्यात, हे मात्र कुणी विचारत नाही. घरात फरशी बसवायची असली तरी त्या मिस्त्रीने बसवलेली दोन घरं आपण आधी बघून येतो.

मी अलका टॉकीजजवळ एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. 'सगळं व्यवस्थित आहे' असं कुणी म्हटलं की लगेच व्हाउचर मागायची खोड लागलीय. माझी लेक तिसरीत आहे, सीबीएसईच्या एका खासगी, विनाअनुदानित शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही, आणि ओळखलंत तरी कमेंटमध्ये टाकू नका.

यंदा पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत माझं नाव निघालं. 'निघालं' हेच खरं, कारण चिठ्ठ्या टाकल्या होत्या. महाराष्ट्रात २०११चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्याप्रमाणे शाळेतले सगळेच पालक संघाचे सभासद असतात आणि इच्छुकांमधून सोडत काढून कार्यकारी समिती बनते. अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांपैकी. फी वाढवायची तर प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो. त्यामुळे समितीत येऊ पाहणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात फी हाच एक विषय असतो. तो असावाच, माझ्याही डोक्यात होता. पण पहिल्या बैठकीत फी झाली, बसचा उशीर झाला, गॅदरिंगची थीम झाली, आणि मॅडमनी 'एनी अदर पॉइंट?' म्हटल्यावर मी विचारलं, "पहिली ते पाचवीच्या टीचर्सचं शिक्षण आणि प्रशिक्षण काय आहे, याची यादी मिळेल का?"

जरा शांतता पसरली. मग मॅडम हसून म्हणाल्या, "ऑल अवर टीचर्स आर हायली क्वालिफाईड." शेजारच्या बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवायला बोलावलेल्या घरी गॅसचं बिल मागितलंय.

यादी तेव्हा मिळाली नाही. पण त्यासाठी शाळेवर अवलंबून राहायची फारशी गरजही नाही. सीबीएसईच्या शाळांना आपल्या वेबसाइटवर काही माहिती सक्तीने जाहीर करावी लागते. शिक्षकांची संख्या आणि पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांची यादी त्यात येते. शिवाय कुठल्याही बोर्डाच्या शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लसच्या साइटवर तो टाकला की शाळेचं एक पानी कार्ड उघडतं. वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, विद्यार्थी, आणि खाली शिक्षक: किती कायम, किती कंत्राटी, कितींचं शिक्षण कुठपर्यंत, कितींनी डी.एड., कितींनी बी.एड., आणि कितींचं प्रशिक्षण 'काही नाही'. नावं नसतात, नुसते आकडे. मी आमच्या शाळेचं कार्ड उघडलं. 'काही नाही'चा रकाना रिकामा नव्हता. पण मला त्याहून जास्त बोचलं ते वेगळंच, तिथे जवळजवळ सगळे बी.एड. होते.

बी.एड. असणं बोचावं का? हे समजायला माझी नणंद घरी यावी लागली.

ताई मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन शिक्षक आणि पहिली ते चौथी असे चार वर्ग. २००४ साली ती शिक्षणसेवक म्हणून लागली, तेव्हा महिन्याला तीन हजार रुपये मानधन होतं. आमच्या घरी अजूनही कुणी 'सरकारी नोकरी, मजा आहे' म्हणालं, की सासूबाई त्या तीन हजारांचा हिशोब ऐकवतात.

एका शनिवारी ती आली होती आणि लेकीची गणिताची वही ओट्यावर पडली होती. वजाबाकीच्या पानावर लाल फुल्याच फुल्या. खाली 'प्रॅक्टिस मोअर' आणि सही. मी पालक म्हणून माझं कर्तव्य बजावत होते, म्हणजे आणखी वीस गणितं घालून दिली होती. ताईने चहाचा कप बाजूला ठेवला आणि पान नीट वाचलं. बेचाळीस वजा सतरा, लेकीचं उत्तर पस्तीस. त्रेपन्न वजा अठ्ठावीस, पस्तीस. एकसष्ट वजा चौतीस, तेहेतीस. अठ्ठेचाळीस वजा पंधरा, तेहेतीस, आणि हे एकच बरोबर.

"अगं, ही चुकत नाहीये," ताई म्हणाली. "ही एकच गोष्ट दर वेळी तितक्याच नेमाने करतेय."

मला काही कळेना. तिने लेकीला जवळ बसवलं. चूक-बरोबर काही न म्हणता फक्त विचारलं, "हे कसं केलंस, मला शिकव बरं." लेक खुशीत सांगायला लागली: चारातून एक गेला, तीन. सातातून दोन गेले, पाच. "दोनातून सात का नाही वजा केले?" "दोनातून सात जातच नाहीत ना आत्या! म्हणून मोठ्यातून लहान घालवायचा." तिने स्वतःचा नियम बनवला होता आणि तो प्रामाणिकपणे पाळत होती. हातचा नसला की तो नियम बरोबर उत्तर देतो, म्हणून अठ्ठेचाळीस वजा पंधरा जमलं होतं. मी दिलेल्या वीस गणितांनी तो नियम आणखी पक्का होत होता.

मग काडेपेटी रिकामी झाली. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे, त्यांना लेकीच्याच केसांचे रबर लावले, आणि दोन सुट्या. "यातल्या सतरा मला दे." लेकीने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. ताई गप्प. मी बोलणार होते, तिने डोळ्यांनीच दटावलं. बराच वेळ गेला. मग लेकीने एका गठ्ठ्याचा रबर काढला आणि त्यातल्या पाच काड्या मोजून पुढे केल्या. उरलेल्या मोजल्या: दोन गठ्ठे, पाच सुट्या. वहीतल्या पस्तिसाकडे पाहिलं, काड्यांकडे पाहिलं, आणि स्वतःच खोडरबर शोधायला उठली. 'हातचा' हा शब्द ताईने त्यानंतर उच्चारला, तोवर नाही.

डी.एड.च्या दोन वर्षांत हे शिकवतात, ताई म्हणाली. सात-आठ वर्षांचं मूल कुठे कसं अडखळतं, उलटी अक्षरं का काढतं, जोडाक्षराला का थांबतं. आणि सराव पाठ लहान मुलांच्या वर्गावरच घ्यावे लागतात. बी.एड.ची घडण मुळात माध्यमिकसाठी, म्हणजे आपला विषय मोठ्या मुलांना कसा शिकवायचा यासाठी. एम.एस्सी. बी.एड. झालेल्या माणसाला बीजगणित ताईपेक्षा नक्कीच जास्त येत असणार. प्रश्न बेचाळीस वजा सतराचा आहे.

कायद्यालाही हा फरक मान्य आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्याच वर्षी २३ ऑगस्टला पात्रता ठरवली. पहिली ते पाचवीसाठी साधारणपणे बारावीला ५० टक्के, दोन वर्षांची पदविका (डी.एड.) आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. २०१८ मध्ये परिषदेने बी.एड.वाल्यांनाही या वर्गांचं दार उघडलं, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा कोर्स करायच्या अटीवर. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केलं. प्राथमिकला शिकवायचं तर प्राथमिकचंच प्रशिक्षण हवं, असा त्या निकालाचा सरळ अर्थ. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी कशाची चर्चा होती ते आठवत नाही, पण याची नव्हती.

गंमत पुढेच आहे. काड्यांचे गठ्ठे बांधणारी ही बाई आता 'पात्र' आहे की नाही, हे सिद्ध करायला परीक्षेला बसतेय. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागू आहे. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हा. त्याहून कमी अवधी असलेल्यांना नोकरीवर राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. ताई लागली तेव्हा टीईटी नावाची गोष्टच नव्हती. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा झाली २०१३ मध्ये.

मी तिच्याबरोबर अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेले होते. स्पर्धा परीक्षेची पोरं खांद्यावर सॅक टाकून चालू घडामोडी चाळत उभी होती. दुकानदाराने ताईकडे बघून विचारलं, "मॅडम, मुलासाठी की मुलीसाठी?" ताई म्हणाली, "माझ्यासाठी." त्याला काही वाटलं नाही. म्हणाला, "आता तुमच्या वयाचे खूप येतायत," आणि पेपर एकचा संच बांधून दिला. अडीच तासांत दीडशे प्रश्न. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. खुल्या गटाला नव्वद गुण लागतात. तिथून भिडे वाड्याची जागा पाच-सात मिनिटांवर. १८४८ मध्ये जिथे सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या, त्या जागेवरून आम्ही टीईटीची गाइडं काखोटीला मारून निघालो. ताईला त्याचं काही वाटलं नाही, तिला मुळशीची गाडी पकडायची होती.

या निकालावर माझं आणि तिचं एकमत नाही. शिक्षक संघटनांचं म्हणणं, इतकी वर्षं शिकवलेल्यांची परीक्षा कसली घेता? मला वाटतं, आमच्या धंद्यातही नवा कायदा आला की पंचवीस वर्षं टॅली चालवणारा माणूस पुन्हा बसून शिकतो. जीएसटी आला तेव्हा आमच्या ऑफिसात साठीचे कारकून क्लासला गेले. ताई म्हणते, शिकायला ना नाहीच, पण बघायचं तर माझ्या वर्गात येऊन बघा. चार गोळ्यांतली एक काळी करण्यात मी पोरांना कशी शिकवते हे कुठे दिसतं? यावर मला उत्तर देता आलं नाही. वर तिने २०२१ ची आठवण काढली. पुणे पोलिसांच्या तपासात आधीच्या टीईटीतला गैरव्यवहार उघड झाला होता आणि पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली होती. कागद विकत मिळत होता, तेव्हा तो कुणाची पात्रता दाखवत होता?

तरीही मी कागद मागणारच. दाखवायला किमान कागद तरी असावा. तोही नसेल तर पुढचं बोलणंच नको.

ताईची खरी अडचण अभ्यासक्रम ही नाहीच, तिला वेळ नाही. कायद्याचं सत्ताविसावं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही. वाचायला छान आहे. त्या तीन अपवादांतच किती मावतं ते ताईला विचारा. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, 'आजच्या आज लिंक भरा' असे केंद्रातून येणारे मेसेज. आणि दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग हिच्याकडे.

तिच्या शाळेतले पालक मात्र बघण्यासारखे आहेत. निम्मे पिरंगुटच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये जाणारे, काही बांधकामावरचे, काही गावचेच शेतकरी. सरकारी शाळेत पालक-शिक्षक संघापेक्षा महत्त्वाची असते ती शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका लागतात. अध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा तिने बनवायचा, अनुदानाचा खर्च तिने बघायचा. आमच्यासारख्या विनाअनुदानित शाळांना ही समिती लागूच नाही. गंमत म्हणजे अधिकार आहेत ते पिरंगुटला शिफ्ट करणाऱ्या पालकांकडे, आणि इंग्रजीत ईमेल लिहिणारे आम्ही फी आणि गॅदरिंगपुरते.

अधिकार असले म्हणून समिती चालतेच असं नाही, हेही ताईच सांगते. कित्येक ठिकाणी इतिवृत्ताची वही घरोघर फिरते, सह्या होतात आणि बैठक 'संपन्न' होते. तिच्याकडेही होत असे. मग टेम्पो चालवणारे एक गृहस्थ अध्यक्ष झाले आणि म्हणाले, सकाळी अकराला कोण येणार, रविवारी संध्याकाळी देवळात बसू. तिथे नळ, कंपाउंड, खिचडीचा तांदूळ असं सगळं झाल्यावर एका आईने विचारलं, तिला स्वतःला सहीपुरतंच लिहिता येतं, "बाई, माझं पोरगं वाचतं का? वाचत असंल तर इथं वाचून दाखवा." ताई म्हणाली, नोकरीत इतका घाम कुठल्या साहेबाच्या तपासणीला फुटला नव्हता. पोरगं अडखळत वाचलं. आईला धडा कळला की नाही कोण जाणे, पण कुठे अडखळलं ते बरोबर कळलं. पुढच्या बैठकीला आणखी चार आया आपापली पोरं घेऊन हजर.

हा प्रश्न मी आमच्या शाळेत जसाच्या तसा उचलून आणला. दुसऱ्या बैठकीत म्हणाले, यादी राहू द्या, निदान ओपन हाउसला गुणांच्या तक्त्याऐवजी मुलांची वही समोर ठेवून बोलू या. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित सांगणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलंय, हेही सांगून टाकलं. मॅडमनी तिसरी-चौथीपुरता अर्धा तास दिला. ग्रुपवर लगेच कुजबुज सुरू झाली. दोघींनी मला खासगीत कळवलं: जास्त बोलू नकोस, मग राग मुलांवर निघतो. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. खासगी शाळेत पालक गप्प बसतात त्यामागे ती मोठी आहे, फीपेक्षाही मोठी.

ओपन हाउसला लेकीच्या क्लासटीचर समोर होत्या. सव्वीस-सत्तावीसच्या असतील, एम.एस्सी. बी.एड. मी तेच लाल फुल्यांचं पान उघडलं आणि ताईने काय केलं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पान स्वतःकडे फिरवून त्यांनी पुन्हा वाचलं, मग गठ्ठ्यातल्या आणखी तीन-चार मुलांच्या वह्या उघडल्या. दोघांचं बेचाळीस वजा सतरा पस्तीसच होतं. "हे मला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "बी.एड.ला माझे सगळे लेसन आठवी-नववीवर झाले. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी तिसरी दिली." पगार किती मिळतो ते मी विचारलं नाही, पण त्यांनीच आवाज खाली आणून सांगितला. आमच्या शाळेची एका मुलाची तिमाही फी त्याहून जास्त आहे.

माझा राग तिथल्या तिथे बाईंवरून उठला आणि त्यांना तिसरीवर नेमणाऱ्यांकडे वळला. आठवी-नववीसाठी तयार झालेलं माणूस कमी पगारात तिसरीवर उभं करायचं, प्रशिक्षणाला एक दिवस द्यायचा नाही, आणि आम्हाला 'हायली क्वालिफाईड' म्हणून ऐकवायचं, हा हिशोब मला ऑडिटमध्ये पास करता येणार नाही. पुढच्या बैठकीच्या अजेंड्यासाठी मी मुद्दा लेखी दिलाय: प्राथमिकच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आणि त्यासाठी बजेटमध्ये तरतूद किती. फीवाढीच्या प्रस्तावाच्या आधी घ्या असंही लिहिलंय. पोच घेतलीय.

बाईंनी निघताना ताईचा नंबर मागितला. ताईला विचारून दिला. ताई म्हणाली, "बोलेन की, पण रात्री नऊनंतर. तोवर माझी बालमानसशास्त्राची उजळणी चालू असते."